हिपॅटायटिस सी आणि जीनोटाईप टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅबच्या खिडकीवर रिपोर्ट घ्यायला आलेले पेशंट, त्यांच्यासोबत आलेली मुलं-सुना, फोनवरचे नातेवाईक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे असं नाही, तुमचा जो प्रश्न आहे तिथे जा. आणि औषध कुठलं, किती आठवडे, हे तुमचे डॉक्टर ठरवणार, इथे फक्त ते तसं का ठरवतात ते सांगितलंय.

रिपोर्टवर "जीनोटाईप ३" लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज झाली का?

नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा आधीच उतरलेला असतो, म्हणून हाच पहिला घेतला. जीनोटाईपचा आकडा म्हणजे व्हायरसच्या जातीचा नंबर, आजार किती पुढे गेलाय त्याचा नाही. ३ आला म्हणून १ पेक्षा तिप्पट वाईट असलं काही गणित नसतं. लिव्हर एकदम ठणठणीत असलेल्या माणसाला जीनोटाईप ३ असू शकतो आणि सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) झालेल्याला जीनोटाईप १ असू शकतो.

लिव्हरची अवस्था बघायला वेगळ्या गोष्टी आहेत. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं मशीन), सोनोग्राफी, आणि एफआयबी-४ नावाचा एक हिशोब, ज्यात तुमचं वय, एएसटी, एएलटी (लिव्हरची दोन एन्झाईम) आणि प्लेटलेट एवढंच लागतं, म्हणजे साध्या रक्ततपासणीतून निघतो. स्टेज विचारायची असेल तर डॉक्टरांना हे विचारा. आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे तो आकडा, त्याचंही तेच, लोड वीस लाख आला म्हणजे लिव्हर जास्त खराब आणि पन्नास हजार आला म्हणजे कमी खराब असं अजिबात नाही.

मग जीनोटाईप म्हणजे नेमकं काय?

हिपॅटायटिस सी चा व्हायरस, म्हणजे एचसीव्ही, हा आरएनए व्हायरस आहे, म्हणजे त्याचा जेनेटिक मजकूर डीएनएऐवजी आरएनएमध्ये लिहिलेला असतो. त्याचा सगळा जेनेटिक मजकूर साधारण ९,६०० अक्षरांचा. तो लिव्हरच्या पेशीत शिरून स्वतःच्या कॉप्या काढतो, पण कॉपी काढणारं त्याचं जे एन्झाईम आहे ते झालेली चूक परत तपासत नाही, त्यामुळे प्रत्येक कॉपीत काहीतरी इकडेतिकडे होतच राहतं. असं पिढ्यानपिढ्या होत होत या व्हायरसच्या वेगवेगळ्या शाखा झाल्या. दोन शाखांमध्ये साधारण ३० टक्के किंवा जास्त अक्षरं वेगळी असली की ते दोन वेगळे जीनोटाईप. एकाच शाखेच्या आत १५ ते २५ टक्के फरक असला की ते सबटाईप, म्हणून १ए, १बी, ३ए असं लिहितात. आज ८ जीनोटाईप आणि ९० च्या वर सबटाईप नोंदले गेलेत.

हा व्हायरस सापडला १९८९ मध्ये. त्याआधी त्याला नावही नव्हतं, ए नाही आणि बी नाही ती कावीळ, एवढंच म्हणायचे. त्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राईस या तिघांना २०२० चं मेडिसिनचं नोबेल मिळालं.

कुठला जीनोटाईप कुठे सापडतो?

जगात सगळ्यात जास्त जीनोटाईप १, साधारण ४६ टक्के, त्याच्या मागे जीनोटाईप ३, साधारण ३० टक्के, आणि हा ३ मुख्यतः दक्षिण आशियात. ४ इजिप्त आणि मध्य आफ्रिकेत, ५ दक्षिण आफ्रिकेत, ६ आग्नेय आशियात, २ पश्चिम आफ्रिकेत आणि जपानकडेही बऱ्यापैकी. ७ मूळ काँगोच्या भागातला. ८ तर अगदी अलीकडचा, २०१८ मध्ये कॅनडातल्या टीमने तो नोंदवला, आणि ते पेशंट मूळचे पंजाबचे होते. पण हे सगळे आकडे लोकसंख्येचे आहेत, "मी अमुक देशाचा म्हणजे माझा तमुकच असणार" असं घरी बसून ठरवता येत नाही.

जीनोटाईपवरून मला लागण कुठून झाली ते कळतं का?

एका माणसाच्या बाबतीत नाही. एखाद्या डायलिसिस युनिटमध्ये एकदम पाच-सहा जणांना लागण झाली तर तिथे व्हायरसचं पूर्ण सिक्वेन्सिंग करून सगळे एकाच मुळातून आलेत का हे शोधतात, पण ते वेगळं काम आहे, नुसता "३ए" एवढा रिपोर्ट बघून कोणावर बोट ठेवता येत नाही, आणि घरात यावरून भांडणं तर मुळीच करू नका.

लोकसंख्येच्या पातळीवर मात्र जीनोटाईप इतिहास सांगतो. इजिप्तमध्ये १९५० ते १९८० च्या दरम्यान बिल्हार्झिया नावाच्या जंताच्या आजारावर सरकारी मोहिमेत लाखो लोकांना इंजेक्शनं दिली, त्याच सुया नीट निर्जंतुक न करता परत परत वापरल्या गेल्या, आणि जीनोटाईप ४ देशभर पसरला. लोक औषध घ्यायला गेले होते आणि घेऊन आले व्हायरस.

टेस्टचा क्रम काय असतो?

आधी अँटीबॉडी टेस्ट, म्हणजे अँटी-एचसीव्ही. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे कधीतरी व्हायरस अंगात आला होता एवढंच कळतं, आज आहे का ते नाही. साधारण १०० पैकी ३० लोकांच्या शरीरातून व्हायरस पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, पण अँटीबॉडी राहते. म्हणून दुसरी पायरी आरएनए पीसीआर, ज्याला सगळे व्हायरल लोड म्हणतात. त्यात व्हायरस सापडला तरच पुढे जीनोटाईपचा प्रश्न येतो.

कधी कधी अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली की घाबरून लोक थेट जीनोटाईपला सॅम्पल देऊन जातात. व्हायरसच नसेल तर जात कोणाची काढणार? रिपोर्ट "नॉट डिटेक्टेड" येतो आणि पैसे फुकट.

आता जीनोटाईपची गरजच नाही असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच लोकांसाठी खरं आहे, आणि हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या, या जुन्या उपचाराच्या काळात जीनोटाईपशिवाय पान हलत नव्हतं. जीनोटाईप १ किंवा ४ असेल तर ४८ आठवडे इंजेक्शन, आणि एवढं सगळं करून बरे व्हायचे ते ४०-५० टक्के. २ किंवा ३ असेल तर २४ आठवडे, आणि बरे व्हायचे ७०-८० टक्के. ती इंजेक्शनं म्हणजे दर आठवड्याला ताप, अंगदुखी, डिप्रेशन, प्लेटलेट खाली, त्यामुळे सहा महिने की वर्षभर, आणि मुळात सुरू करायचं की नाही, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरायचं. त्या काळात गंमत म्हणजे "३ आला, नशीबवान आहात" असं पेशंटला सांगायचे.

मग २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मंजुरी मिळाली आणि गोळ्यांचा जमाना सुरू झाला. पण सुरुवातीच्या गोळ्याही जीनोटाईप बघूनच द्यायला लागायच्या. २०१४ मध्ये आलेली लेडिपासव्हिर-सोफोसबुव्हिरची गोळी जीनोटाईप १ वर भारी, पण ३ वर लेडिपासव्हिर कमजोर. एल्बासव्हिर-ग्राझोप्रेव्हिर फक्त १ आणि ४ साठी. म्हणजे टेस्ट आणखीच महत्त्वाची झाली.

खरा बदल झाला तो पॅनजीनोटिपिक औषधांमुळे, म्हणजे सगळ्या मुख्य जीनोटाईपवर चालणारी. २०१६ मध्ये सोफोसबुव्हिर-व्हेल्पाटासव्हिर आलं, रोज एक गोळी १२ आठवडे. २०१७ मध्ये ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेंटासव्हिर, रोज तीन गोळ्या एकदम जेवणासोबत, आणि पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्याला ८ आठवडे. सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिर ही जोडीही यातच येते. यांनी ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त लोक बरे होतात. मग जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या गाईडलाईनमध्ये सांगून टाकलं की मोठ्या माणसांना पॅनजीनोटिपिक औषध द्या, आणि त्यासाठी जीनोटाईप करत बसायची गरज नाही.

यामागे साधा हिशोब आहे. टेस्ट महाग, सगळीकडे होत नाही, रिपोर्टला दिवस लागतात, आणि दर फेरीला काही पेशंट गळतात, परत येतच नाहीत. अँटीबॉडीला एक फेरी, लोडला एक, जीनोटाईपला एक, रिपोर्ट घ्यायला अजून एक, यात ज्याला औषध मिळायला हवं होतं तो घरीच राहतो. रिपोर्ट काहीही आला तरी गोळी तीच द्यायची असेल तर त्या रिपोर्टसाठी पेशंटला थांबवणं मला तरी पटत नाही, आणि हे मी लॅबवाला असून म्हणतोय.

मग अजूनही ही टेस्ट कोणाला करावी लागते?

इथे खरी मेख आहे, कारण "गरज नाही" हे ऐकून लोक सरसकट सगळ्यांना लावून मोकळे होतात.

सिरॉसिस असेल आणि सोफोसबुव्हिर-व्हेल्पाटासव्हिर द्यायचं असेल तर जीनोटाईप माहीत असलेला बरा. अमेरिकेतल्या लिव्हर तज्ज्ञांच्या गाईडलाईनमध्ये असं आहे की सिरॉसिस आहे आणि जीनोटाईप ३ आहे तर व्हायरसमध्ये वाय९३एच नावाचा बदल आहे का तेही बघा, नसेल तर नुसतं १२ आठवडे चालेल, असेल तर रिबाव्हिरिन जोडा किंवा दुसरं औषध घ्या. ॲस्ट्रल-३ नावाच्या ट्रायलमध्ये जीनोटाईप ३ च्या पेशंटमध्ये एकूण ९५ टक्के बरे झाले, पण ज्यांच्यात सुरुवातीपासूनच वाय९३एच होता त्यांच्यात ८४ टक्के.

दुसरे म्हणजे ज्यांचा आधीचा गोळ्यांचा कोर्स फेल गेलाय. पुढचं औषध निवडताना जीनोटाईप आणि सोबत रेझिस्टन्स, म्हणजे व्हायरस कुठल्या औषधाला दाद देत नाही ते, दोन्हीचा उपयोग होतो.

तिसरे, जिथे पॅनजीनोटिपिक औषध मिळतच नाही आणि जुनीच गोळी द्यायची आहे. तिथे टेस्टशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात गोळी मारणं.

चौथी गोष्ट जरा कमी लोकांना माहीत असते. काही दुर्मिळ सबटाईप असे असतात की त्यांच्यात एका गटाच्या औषधांना रेझिस्टन्स जन्मजातच असतो. रवांडामधल्या एका ट्रायलमध्ये लेडिपासव्हिर-सोफोसबुव्हिर दिलं, एकूण ८७ टक्के बरे झाले, पण ४आर हा सबटाईप असलेल्यांमध्ये फक्त ५६ टक्के. युरोपियन गाईडलाईन ४आर सोबत १एल, ३बी, ३जी, ६यू, ६व्ही ही नावंही घेते. म्हणून आफ्रिकेचा सहाराखालचा भाग, चीन, आग्नेय आशिया इथल्या पेशंटमध्ये शक्य असेल तर सबटाईप नीट काढावा असं तिथे सुचवलंय. नुसता "४" कळून इथे उपयोग नाही, ४ए आणि ४आर मध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

लॅबमध्ये ही टेस्ट होते कशी?

मुख्य तीन प्रकार आहेत, आणि कुठल्या प्रकाराने केली यावर रिपोर्ट किती बारीक येणार ते ठरतं.

सगळ्यांची सुरुवात सारखीच. प्लाझ्मातून व्हायरसचा आरएनए वेगळा काढायचा, त्याचा डीएनए बनवायचा, आणि पीसीआरने त्याचा एक ठराविक तुकडा कोट्यवधी वेळा वाढवायचा. मग पुढे वाटा फुटतात.

एक, रिअल टाईम पीसीआर. प्रत्येक जीनोटाईपला जुळणारे चमकणारे प्रोब (ओळख पटवणारे डीएनएचे छोटे तुकडे) आधीच घातलेले असतात, ज्याचा जुळेल तो सिग्नल देतो. लवकर होते, मशीनवर होते. औषधं आणि टेस्टना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने जीनोटाईपची पहिली टेस्ट २०१३ मध्ये मंजूर केली ती याच प्रकारातली होती. पण ज्याचा प्रोबच घातला नाही तो सबटाईप यात दिसणार नाही.

दोन, लाईन प्रोब. एका पट्टीवर ओळीने वेगवेगळे प्रोब चिकटवलेले असतात, पेशंटचा डीएनए त्यावर सोडला की जुळलेल्या जागी रेघ उमटते आणि रेघांचा नमुना चार्टशी ताडून बघायचा. बरीच वर्षं हीच पद्धत सगळीकडे होती. याची जुनी आवृत्ती व्हायरसच्या फक्त ५ प्राईम यूटीआर नावाच्या भागावर चालायची. हा भाग सगळ्या जीनोटाईपमध्ये जवळपास सारखा असतो, त्यामुळे व्हायरस पकडायला उत्तम, पण दोन जवळचे सबटाईप वेगळे करायला कच्चा. १ए ला १बी म्हणायचा, आणि आग्नेय आशियातले जीनोटाईप ६ चे काही सबटाईप तर सरळ जीनोटाईप १ म्हणून निघायचे. नंतरच्या आवृत्तीत कोअर नावाचा भागही घेतला तेव्हा हे बरंच सुधारलं.

तीन, सिक्वेन्सिंग. एनएस५बी किंवा कोअर-ई१ या भागातली अक्षरं एक एक वाचायची आणि डेटाबेसमधल्या ओळखीच्या व्हायरसशी जुळवून बघायची. याला वेळ लागतो, हात बसलेला माणूस लागतो, पण सबटाईपच्या बाबतीत याच्याइतकं भरवशाचं काही नाही. दुर्मिळ प्रकार, नवीन प्रकार यातच कळतात. नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग ही त्याचीच पुढची पायरी, त्यात थोड्या प्रमाणात असलेले व्हायरसही दिसतात.

रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते. डॉक्टर बघतातच, पण तुम्हीही बघा, दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर पहिलं कारण तिथेच सापडतं.

सॅम्पल द्यायला उपाशीपोटी यायचं का?

नाही, खाऊन-पिऊन या. हातातून साधं रक्त घेतात, बहुतेक वेळा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची ट्यूब नको, हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं.

खरी काळजी तुम्ही गेल्यावर आम्हाला घ्यायची असते. आरएनए नाजूक असतो, रक्त तासन् तास तसंच पडून राहिलं तर तो तुटतो, म्हणून प्लाझ्मा वेळेत वेगळा करायचा आणि लांब पाठवायचा असेल तर गोठवून पाठवायचा. छोट्या सेंटरवर सॅम्पल देत असाल तर पुढे कसं पाठवणार हे विचारायला लाजू नका.

रिपोर्टमध्ये "इनडिटरमिनेट" (म्हणजे ठरवता आलं नाही) किंवा नुसतं "१" आलंय, सबटाईप नाही. टेस्ट चुकली का?

चुकली असं नाही. बहुतेक वेळा व्हायरल लोड कमी असतो. व्हायरल लोडची टेस्ट १०-१५ आययू प्रति एमएल इतका कमी व्हायरसही पकडते, पण जीनोटाईपला त्यापेक्षा बराच जास्त माल लागतो, किटप्रमाणे साधारण ५०० ते १,००० च्या वर. ज्यांना उपचार झालेला नाही त्यांचा लोड सहसा लाखांत असतो त्यामुळे अडचण येत नाही. कमी असेल तर काही दिवसांनी परत सॅम्पल घेतात, किंवा सरळ पॅनजीनोटिपिक औषध सुरू करतात.

दुसरं कारण, त्या किटच्या यादीत तुमचा प्रकार नसणं. अशा वेळी सिक्वेन्सिंग करणाऱ्या लॅबला पाठवायचं. नुसतं "१" आलं असेल तर म्हणजे जीनोटाईप नक्की झालाय, ए की बी ते प्रोबला जमलं नाही. आजच्या पॅनजीनोटिपिक गोळ्यांसाठी तेवढ्याने काम भागतं.

"मिक्स्ड" आलंय, दोन जीनोटाईप. असं होतं?

होतं, पण कमी. ज्यांना वारंवार रक्तातून लागण व्हायची शक्यता असते, जसं पूर्वी पुष्कळ रक्त किंवा रक्तघटक घेतलेले हिमोफिलियाचे पेशंट, डायलिसिसवाले, सुया शेअर करणारे, त्यांच्यात दोन वेगळे व्हायरस एकदम असू शकतात. पॅनजीनोटिपिक औषध दोन्हींवर चालतं. कधी एका जीनोटाईपचा प्रोब चुकून दुसऱ्याला जुळतो आणि त्या आडव्या सिग्नलमुळेही मिक्स्ड दिसतो, म्हणून शंका असेल तर दुसऱ्या पद्धतीने खात्री करतात.

दोन लॅबमध्ये दोन वेगळे जीनोटाईप आले. कोणाचं खरं?

पद्धत बघा, वर सांगितलंय. ५ प्राईम यूटीआर वाला एक आणि सिक्वेन्सिंगवाला एक असेल तर सिक्वेन्सिंगचं धरा. सॅम्पलची अदलाबदल हीसुद्धा जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये घडू शकणारी गोष्ट आहे, त्यामुळे नवीन सॅम्पल देऊन परत करणं यात कमीपणा नाही.

एक विचित्र प्रकार मात्र सांगायलाच हवा. २००२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधून असा एक व्हायरस नोंदला गेला ज्याचा पुढचा भाग जीनोटाईप २ चा आणि मागचा १ चा, दोन व्हायरस मध्येच जोडले गेलेले. त्याला २के/१बी म्हणतात आणि जॉर्जिया, रशिया या भागांत तो बऱ्यापैकी आहे. पुढच्या टोकावरची टेस्ट केली तर २ दिसतो, एनएस५बी वाचला तर १बी. दोन्ही लॅब बरोबर! २ समजून सोफोसबुव्हिर आणि रिबाव्हिरिन दिलेल्या अशा पेशंटमध्ये औषध कमी लागू पडलं, तेव्हा हे प्रकर्षाने लक्षात आलं.

जीनोटाईप ३ सगळ्यात अवघड असतो म्हणतात. घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण हलक्यातही घ्यायचं नाही. ३ मध्ये व्हायरस स्वतःच लिव्हरमध्ये चरबी साठवतो, लिव्हर कडक होण्याचा वेग जास्त असतो आणि लिव्हर कॅन्सरचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त दिसलंय. इंटरफेरॉनच्या काळात जो "सोपा" होता तोच गोळ्यांच्या काळात तुलनेने "अवघड" झाला, पण अवघड म्हणजे किती, तर इतर जीनोटाईपमध्ये ९८-९९ टक्के आणि यात ९५ च्या आसपास. सिरॉसिस नसलेला, आधी उपचार न घेतलेला जीनोटाईप ३ चा पेशंट आज त्याच गोळ्या तेवढेच आठवडे घेऊन बरा होतो.

रेझिस्टन्स टेस्ट आणि जीनोटाईप एकच का?

नाही. जीनोटाईप म्हणजे व्हायरस कुठल्या शाखेचा, रेझिस्टन्स म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागी काही बदललंय का. क्रमही तसाच, आधी जीनोटाईप, कारण तो कळल्याशिवाय रेझिस्टन्ससाठी व्हायरसचा कुठला भाग कुठल्या प्रायमरने (पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा तुकडा) वाढवायचा तेच ठरत नाही. सगळ्यांना ही टेस्ट लागत नाही. वर सांगितलेला सिरॉसिस आणि ३ वाला, गोळ्या फेल गेलेला, आणि १ए ला एल्बासव्हिर-ग्राझोप्रेव्हिर द्यायचं असेल तो, साधारण एवढेच.

दहा वर्षांपूर्वीचा जीनोटाईप रिपोर्ट आहे. तो चालेल का?

मधे बरे झाला नसाल आणि परत लागण व्हायचं काही कारण घडलं नसेल तर चालतो. व्हायरस रोज थोडा थोडा बदलतो हे खरं, पण तो बदल आपल्याच शाखेत राहून होतो, १ चा ३ होत नाही. जुना रिपोर्ट नुसत्या ५ प्राईम यूटीआर वर काढलेला असेल तर मुख्य आकड्यावर भरवसा ठेवा, सबटाईपवर फार नको.

कोर्स संपल्यावर परत जीनोटाईप करायचा का?

नाही. कोर्स संपून १२ आठवडे झाल्यावर व्हायरल लोड करायचा. त्यात व्हायरस नाही सापडला तर तुम्ही बरे झालात. तेव्हा अँटीबॉडी करायला जाऊ नका, ती आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकते आणि उगाच झोप उडते.

व्हायरस सापडला तरच जीनोटाईप परत करतात. आधी ३ए होता आणि आता १बी आलाय, तर जुना परत उफाळलेला नसून नवीन लागण झालेली असण्याची शक्यता जास्त. एकदा बरं झालं म्हणून परत होत नाही असं हिपॅटायटिस सी मध्ये नसतं, आणि यावर लसही नाही. पण परत ३ए च आला तर नुसत्या जीनोटाईपवरून जुना की नवा ते सांगता येत नाही, त्यासाठी दोन्ही सॅम्पलचं सिक्वेन्सिंग जवळ ठेवून बघावं लागतं.

जीनोटाईप नाही केला तर चालेल, मग काय नाही केलं तर चालणार नाही?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, खरं तर हाच विचारायला हवा.

हिपॅटायटिस बी ची तपासणी. त्यासाठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन रक्ततपासण्या. सी आणि बी दोन्ही असतील तर सी चा व्हायरस बी ला दाबून ठेवतो, गोळ्यांनी सी गेला की बी उसळतो, आणि यात लिव्हर फेल होऊन माणसं गेलीत. २०१६ मध्ये एफडीएने या गोळ्यांवर यासाठीच ठळक चौकटीतली वॉर्निंग टाकली. जीनोटाईपला हजारो मोजणारे लोक ही साधी टेस्ट विसरतात तेव्हा वाईट वाटतं.

मग सिरॉसिस आहे का, आणि असेल तर पोटात पाणी, रक्ताची उलटी, गुंगी असलं काही कधी झालंय का. झालं असेल तर नावाच्या शेवटी प्रेव्हिर असलेली औषधं चालत नाहीत, मग जीनोटाईप काहीही असो.

आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पूर्ण यादी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुव्हिरसोबत ठोके धोकादायक इतके मंदावू शकतात. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण खाली जातं. ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी, जी लोक औषधात धरतच नाहीत, तिच्यामुळे व्हेल्पाटासव्हिर नीट शोषलं जात नाही. गरोदरपण असेल किंवा ठरवत असाल तर तेही आधी सांगा, विशेषतः रिबाव्हिरिन द्यायचं असेल तर.

घरच्यांचा पण जीनोटाईप काढायचा का?

घरच्यांची आधी फक्त अँटीबॉडी टेस्ट, तीही मुख्यतः जोडीदार आणि आईला असेल तर मुलं. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच ग्लास वापरल्याने हा पसरत नाही, रक्तातून पसरतो, म्हणून रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवा. आईकडून बाळाला जायची शक्यता १०० मध्ये ५-६. बाळाच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी दीड वर्षापर्यंत असतात, त्यामुळे त्याची अँटीबॉडी टेस्ट त्याआधी करून काही कळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय काय न्यायचं?

व्हायरल लोडचा रिपोर्ट, जीनोटाईप केला असेल तर तो, सीबीसी, एलएफटी, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन, आणि आधी कधी इंटरफेरॉन किंवा गोळ्या घेतल्या असतील तर त्याच्या चिठ्ठ्या, औषधाचं नाव आठवत नसेल तर रिकामी डबी आणली तरी चालेल. जीनोटाईपचा रिपोर्ट यायचा बाकी असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका, आहे ते घेऊन जा, थांबायचं की सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील.